नावातला ळ आणि आजीचं लुगडं

ऑर्डर बहुतेक वेळा रात्री अकरानंतर येते. ‘हाय, प्राइस?’ एवढाच मजकूर. किंमत सांगितली की अर्धे लोक तिथेच गप्प होतात. उरलेले फोटो पाठवतात आणि मग कामाला सुरुवात होते. पुण्यात राहत्या घरातूनच मी एक लहानसं ऑनलाइन दुकान चालवते. कुटुंबाची, जुन्या घरांची, बारशाची चित्रं टॅबवर काढायची, त्यांवर नावं-तारखा घालायच्या, चांगल्या कागदावर छापून फ्रेम करून पाठवायची. दिवसभर रेखाटत बसत असेन, असं नातेवाइकांना वाटतं. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग लोकांना प्रश्न विचारण्यात जातो.

पहिली विनंती ठरलेली असते : फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि नथीतल्या मोत्यांचा एक पांढरा ठिपका होतो. दुसरा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो : हा सेल्फी आहे का? कित्येक फोनचा पुढचा कॅमेरा आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा साठवतो. भांग दुसऱ्या बाजूला जातो, घड्याळ उजव्या हातात येतं आणि नेहमीचा पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावर दिसू लागतो. ते तसंच काढलं, तर चित्रात ‘काहीतरी चुकतंय’ एवढंच घरच्यांना जाणवतं. काय चुकतंय ते सांगता येत नाही.

हे इतकं बारकाईने बघावं लागतं, कारण सध्या जास्त मागणी आहे ती चेहरा नसलेल्या चित्रांना. डोळे, नाक, ओठ काहीच काढायचं नाही. नुसता कोरा लंबगोल. ‘मग तर सोपंच की!’ असं ऐकायची सवय झाली आहे. चेहरा काढून घेतल्यावर माणूस ओळखायचा कशावरून? केस कसे मागे बसवलेत, चष्म्याची काडी जाड की तारेची, उभं राहताना भार कोणत्या पायावर, शर्टाच्या खिशात पेन आहे का. ‘बाबा हात मागे बांधतात की पुढे?’ असं विचारलं की समोरचा माणूस थबकतो, मग ‘थांबा हं, आईला विचारतो’ म्हणतो. आईचं उत्तर सहसा लांबलचक येतं आणि बरंच कामाचं असतं.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचं काम मला सगळ्यात आवडतं. आजीच्या नऊवारीचा रंग कोणता, हे घरात एकाला तरी आठवत असतं. दोघांना आठवत असेल तर दोन वेगळे रंग आठवत असतात. लुगडं इरकल होतं एवढं कळलं तरी अर्धं काम होतं, कारण इरकलीचा पदर लाल-पांढरा, हे जवळजवळ ठरलेलंच. बाकी प्रश्न उरतात. कुंकू आडवं की गोल? गळ्यात मंगळसूत्र की डोरलं? आजोबांची टोपी पांढरी की काळी? काळ्या टोपीला पांढरी करून चालत नाही. घरातल्या मोठ्या माणसांना त्यातला फरक फार लागतो.

गेलेल्या माणसाला चित्रात आणा, ही मागणी नेहमीची. नातवाचं बारसं आणि आजोबा नाहीत; तर बाळ आजोबांच्या मांडीवर दाखवा. इथे मी एकच विचारते : ते तुम्हाला कोणत्या वयाचे दिसायला हवेत? पुष्कळ घरांत मोठ्या माणसाचा शेवटचा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा, मोठा करून हार घातलेला. त्यावरून काढलं की चित्रातही ते ओळखपत्रासारखेच ताठ बसतात. म्हणून मी सहलीतला, लग्नातल्या पंगतीतला, लुंगी-बनियनवरचा कुठलाही फोटो मागते. काहींना ती व्यक्ती धूसर हवी असते, ढगात किंवा पंख लावलेली. ते मी काढत नाही. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच रंगात ती बसलेली असावी, असं माझं मत आहे आणि त्यापायी काही ऑर्डरी सोडाव्या लागल्या तरी चालतं.

पुण्या-मुंबईत इमारती पुनर्विकासाला निघू लागल्यापासून घरांच्या चित्रांची मागणीही वाढली आहे. किल्ल्या बिल्डरकडे देण्याआधी लोकांना चाळीचा किंवा सोसायटीचा दर्शनी भाग हवा असतो. वास्तुरचनेपेक्षा त्यांचं लक्ष भलतीकडेच असतं. ‘खाली चेतक स्कूटर काढा, लिंबू रंगाची.’ ‘दुसऱ्या मजल्यावर दोरीवर टॉवेल वाळत घाला, आमच्याकडे तो कायम असायचा.’

आता नावांकडे येते. वैयक्तिक चित्रात सगळ्यात महाग चूक नावाची आणि लोक नावं पाठवतात रोमन लिपीत. ‘Kale’ म्हणजे काळे की काले? ‘Gole’ हे गोळे की गोले? ‘Rutuja’ला ऋ हवा की रु, हे तिच्या जन्मदाखल्यावर वेगळं असतं आणि आईच्या मनात वेगळं. म्हणून मी नाव हाताने कागदावर देवनागरीत लिहून त्याचा फोटो मागते. यावर काही जण चिडतात. मराठी टंकलेखन येत नाही म्हणतात. टंकलेखन मी कधी मागितलेलंच नसतं, पेन पुरतं.

नाव मिळाल्यावर फॉन्टची पाळी. बऱ्याच देवनागरी फॉन्टांमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ‘शलाका’ हे नाव अशा फॉन्टमध्ये लिहिलं की मराठी घराच्या भिंतीवर ते परकं दिसतं. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’सारखे मोफत वापरता येणारे चांगले फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केले आहेत, त्यामुळे काम बरंच सुकर झालं. तरी अ‍ॅडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोझर निवडला नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उघडी पडतात. रस्त्यावरच्या कितीतरी फ्लेक्सवर हेच दिसतं.

छापायच्या फाइलचं गणित रूक्ष आहे, पण टाळता येत नाही. इंचाला ३०० ठिपके धरले तर ए-४ साठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. २०२५च्या मार्चअखेर चॅटजीपीटीवर घिबली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीतल्या चित्रांची लाट आली, तेव्हा ‘चित्र तयार आहे, फक्त छापून द्या’ म्हणणारे बरेच आले. तशा उभ्या चित्राचा आकार तेव्हा असायचा १०२४ बाय १५३६. एवढ्या तपशिलात ते नीट छापलं जाईल जेमतेम पोस्टकार्डाएवढं. मोठं केलं की कडा विरघळतात. शिवाय त्या चित्रातले बाबा कोणाचेही बाबा असतात. छापून मात्र मी देते, नाही म्हणत नाही, धंदा आहे.

रंगांचं दुखणं वेगळंच. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. पैठणीचा झगझगीत पोपटी आणि गडद निळा-जांभळा हे रंग पडद्यावर जितके उजळतात, तितके चार शायांत उतरत नाहीत. त्यामुळे आधी एक लहान नमुना छापून बघते आणि त्याप्रमाणे फाइलमधले रंग बदलते. ग्राहकाच्या फोनवर रात्रीचा पिवळा प्रकाश चालू असेल, तर तो तेच चित्र ‘पिवळं का?’ म्हणून परत पाठवतो. शाई शक्यतो पिगमेंटची वापरते. डायची शाई उन्हात लवकर उतरते. कागद आम्लविरहित हवा, नाहीतर तो पुढे पिवळा पडतो. पावसाळ्यात तो ओल धरतो, कडा वळतात; म्हणून जून ते सप्टेंबर कागदाचे गठ्ठे डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

छापील चित्र आपलंसं करण्याची हौस काही नवी नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापाने निघालेली लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेली आणि बायकांनी त्या चित्रांवर जर, मणी, टिकल्या शिवून त्यांना सजवलं. तेव्हा ते काम विकत घेणारी करायची, आता विकणारीकडे आलं आहे.

किमतीबद्दल उघड बोलते. चार माणसांचं ए-४ चित्र फ्रेमसह साधारण दीड हजाराला जातं. कागद-छपाई दोनशेच्या आत, फ्रेम आणि पॅकिंग मिळून त्याच्या दुप्पट, वर कुरिअर. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००, असं आकारमानाचं वजन धरतात. फ्रेमभोवती जाड थर्माकोल लावला की हलकी वस्तू कागदोपत्री जड होते. काच तर वापरायचीच नाही, अ‍ॅक्रिलिक शीट. आणि वस्तू बेळगावच्या मावशीला पाठवायची असेल, तर ते दुसरं राज्य. हस्तकलेच्या ठरावीक वस्तू सोडल्या, तर परराज्यात माल विकायला उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. नवीन दुकान काढणाऱ्या मुलींना हे कोणी आधी सांगत नाही.

पत्त्यात ‘मारुतीच्या देवळामागे’ असेल तर हरकत नाही, पिनकोड मात्र बरोबर हवा. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली, जे संस्कृतात काव्यं लिहायचे. त्यांच्या पद्धतीमुळे आडगावचं पार्सलही पोचतं.

नाव घातलेली वस्तू दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, म्हणून ती परत घेता येत नाही. छापण्याआधी मी पूर्ण चित्र ग्राहकाला पाठवते आणि ‘नाव, तारीख बरोबर’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही. ‘छान आहे’ हे उत्तर मी धरत नाही. अंगठा तर नाहीच नाही.

माझ्याकडून घ्या किंवा दुसऱ्या कोणाकडून, तीन गोष्टी आधी करा : घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला जुना फोटो दाखवून रंग विचारून ठेवा, नावं स्वतःच्या हाताने लिहा आणि दिवाळीत भेट द्यायची असेल तर घटस्थापनेच्या आत कळवा. धनत्रयोदशीला ‘उद्या मिळेल का?’ विचारलंत, तर उत्तर नाही असंच येईल.