आमच्या घरातला ‘वीरधवल’

मराठीच्या प्राध्यापकाने आपल्याच घरात हार खावी, यासारखी नामुष्की नाही. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्या वाट्याला आली. आमची कन्या इंग्रजी शाळेत सातवीत. हॅरी पॉटरचे सातही भाग फस्त करून ती म्हणाली, “बाबा, तुमच्या मराठीत असलं काही नाहीच ना?” त्यातला ‘तुमच्या’ मला फार झोंबला.

तावातावाने उठलो आणि वडिलांच्या ट्रंकेतून नाथमाधवांची ‘वीरधवल’ काढली. १९१३ सालची ही अद्भुतरम्य कादंबरी आमच्याकडे वडिलांनी वाचली, मी वाचली. कन्येने दोन पाने चाळली आणि पुस्तक मिटले. तिचे अगदीच चुकले, असे म्हणवत नाही. जुनी लांबलचक वाक्ये, संस्कृत शब्दांचा भारदस्त थाट. लेकराला दम लागणारच.

मग मी दुसरा डाव टाकला. रात्री जेवणे उरकल्यावर सौभाग्यवतींसाठी म्हणून मोठ्याने वाचू लागलो. ऐन रंगात आले, की “झोपा आता!” म्हणून थांबायचे. तिसऱ्या रात्री नेमकी वीज गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकतो तोच कन्या मेणबत्ती घेऊन हजर. “द्या इकडे, मी वाचते!” अडखळत, अर्थ विचारत तिने प्रकरण संपवले.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे, हे तिला तेव्हाच सांगितले. ऐन तारुण्यात शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले. कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. लेखक झाले ते त्यानंतर. १९२८ साली वारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ही सगळी धावपळ त्यांनी पडल्या पडल्या लिहिली?”

त्या रविवारी आम्ही देवगिरीचा किल्ला चढलो. दरवेळी ‘अंधारी’च्या तोंडाशी ती माझा हात घट्ट धरते. यंदा सोडवून घेतला. “बाबा, तुम्ही माझ्या मागून या!”

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे पुस्तक जरूर द्या. मात्र नुसते हातात ठेवू नका. पहिली काही प्रकरणे स्वतः वाचून दाखवा. आमची प्रत सध्या जालन्याला, तिच्या मावसभावाकडे आहे. परत मागायचे धाडस मला अजून झालेले नाही.