मारुतीच्या बॉनेटखालचं

उसाचं बिल खात्यावर आलं, की जुनी मारुती 800 घ्यायला निघालेला माणूस माजलगावात आधी माझ्यासारख्या मिस्त्रीला गाठतो. ‘मिस्त्री, जाग्यावर लई थरथरती. इंजिन गेलं का काय?’

गेलेलं नसतं. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली ती 796 सीसीचं, तीनच सिलिंडरचं इंजिन घेऊन. बोअर 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक 72. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. इथं दोन-तृतीयांश फेरा थांबावं लागतं. थरथर त्या फटीतली. खरंच मिस मारत असेल, तर एकेका प्लगची वायर काढून बघायची. जी काढली तरी आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर मेला.

खरी गंमत सौद्याआधी होते. धूर आणि टॅपेटचा आवाज दडवायला ट्रॅक्टरचं जाड ऑइल भरतात. महिनाभर गाडी शहाण्यासारखी वागते. बोअरचं पाणी घालून घालून रेडिएटर क्षारांनी बुजलेला असतो. तो साफ करायचं सोडून थर्मोस्टॅट काढून फेकतात आणि पंख्याला थेट वायर देतात. मग काटा चढत नाही, पण थंडीत इंजिन वेळेवर तापतही नाही, चोक ओढून ठेवावा लागतो आणि अ‍ॅव्हरेज ढासळतं. त्याचं खापर मात्र कार्बोरेटरवर फुटतं.

अशाच एका गाडीतून मे महिन्यात नवरदेवाची वरात निघाली. पंख्याची ती वायर कधीच तुटली होती, आणि समोरची जाळी झेंडूच्या माळांनी पार झाकलेली. बँडच्या चालीनं जाणाऱ्या गाडीला वारा लागतो तो फक्त पंख्याचा. इथं तोही बंद. परभणी रस्त्यावर वाफ निघाली. कुणीतरी हुशारीनं तापल्या इंजिनवर बर्फाचं पाणी ओतलं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते वाकलं. नवरदेव पुतण्याच्या मोटारसायकलवर मांडवात पोचला.

दुसऱ्या दिवशी ऑइलचं झाकण काढलं, तर आत ताकासारखा फेस. गॅस्केट उडून पाणी ऑइलमध्ये शिरलेलं. हेड लेथवाल्याकडं फेसिंगला गेलं, गॅस्केट नवं, पंख्याचा स्विच नवा. मालकाचं म्हणणं एकच: ‘त्यापरीस पुन्हा डायरेक्ट वायर टाका की!’

2014 च्या जानेवारीत ही गाडी बनणं बंद झालं, तरी सौदे चालूच आहेत. मला सोबत न्यायचं असेल, तर विकणाऱ्याला एवढंच सांगायचं, की रात्रीपासून गाडी चालू करू नका. थंड इंजिनचा पहिला धूर आणि पहिली खडखड लपवता येत नाही. आम्ही पोचल्यावर बॉनेट गरम लागलं, तर मी चहा पिऊन परत येतो.