उमापुरात किती लिटर समुद्र मावतो?

गेवराई तालुक्यातील उमापूर आणि अरबी समुद्र यांच्यात सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे आणि त्याच्या या अंगाला अवर्षणाचा मुलूख पसरला आहे. तरीही या गावातल्या घरात खाऱ्या पाण्याची, प्रवाळभित्तीच्या धाटणीची टाकी ठेवणे आता अशक्य राहिलेले नाही. शौकीन मंडळी तिला ‘रीफ टँक’ म्हणतात. समुद्राचे मीठ पिशवीत मिळते, दिवे आणि पंप मिळतात, मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून पार्सलने येतात. मग नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: टाकी केवढी घ्यावी?

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे, ‘जमेल तेवढी मोठी’. ते चुकीचे नाही. फक्त ते जिथे तयार झाले तिथे नळाला चोवीस तास पाणी असते. आपल्याकडे ‘जमेल तेवढी’ या शब्दांचा अर्थ निराळा होतो. दावणीला किती जनावरे बांधायची हे शेतकरी श्रावणातल्या हिरवळीवरून ठरवत नाही, उन्हाळ्यातल्या चाऱ्यावरून आणि पाण्यावरून ठरवतो. टाकीचे मापही तसेच ठरवावे, असे मला या लेखात सांगायचे आहे.

समुद्रापासून दूर समुद्र

हा उद्योग नवा नाही. १८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनमधल्या आपल्या घरी नेले आणि काचेच्या भांड्यांत समुद्राचे पाणी घालून त्यांत ते जगवले. समुद्राचे पाणी वारंवार मिळेना, तेव्हा आहे तेच पाणी खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धार धरून ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल, असा उपाय त्यांनी केला. हे कष्टाचे काम त्यांची लहान मोलकरीण करत असे. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ करणारे फिलिप हेन्री गॉस यांचे पुस्तक त्यानंतर, १८५४ साली आले. म्हणजे शब्दाच्या आधी पाणी होते, आणि पाण्यामागे कोणाचे तरी हात होते. टाकीचे माप ठरवताना हे हात विसरून चालत नाही.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या काठी. उमापुरात समुद्र मिठाच्या पिशवीतून आणि बोअरच्या पाण्यातून घडवावा लागतो.

आधी कायदा, मग काच

माप काढण्याआधी टाकीत काय ठेवायचे हे ठरले पाहिजे, आणि इथे पहिले बंधन कायद्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भित्ती रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही अनुसूची. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तिथला प्रवाळाचा खडा खिशात घालून आणणे हा गुन्हा आहे, मग तो खडा मेलेला असला तरी. परदेशी व्हिडिओंत दिसणाऱ्या, फांद्या फुटलेल्या रंगीत कठीण प्रवाळांची टाकी आपल्या घरासाठी नाही, हे आधीच मनाशी पक्के करावे.

मग उरते काय? मातीचे किंवा सिमेंटचे भाजून-मुरवून केलेले कृत्रिम खडक, या यादीत न येणारे मश्रूम प्रवाळांसारखे मऊ जीव (तेही कुठून आले याची पावती आणि कागद पाहूनच), काही शंखगोगलगायी, एखादे कोळंबीचे जोडपे आणि मासे. माशांत क्लाउनफिश म्हणजे विदूषक मासा सर्वांत योग्य, कारण तो समुद्रातून न पकडता हॅचरीत वाढवता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र बसवले आहे. आपल्या राज्यात नवी मुंबईतल्या ऐरोलीलाही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे.

माशाचा स्वभावही मापात धरावा लागतो. विदूषक मासा आपल्या कोपऱ्याभोवती घुटमळतो, त्याला दोन-अडीच फूट लांबी पुरते. सर्जनफिश दिवसभर पोहत असतो, त्याला चार फुटांची टाकीही तोकडी पडते. म्हणून आधी रहिवासी ठरवावेत, मग घर बांधावे.

मोठी टाकी सोपी का म्हणतात

माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. खडकांवरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी आहेत. एखादा मासा खडकामागे मरून पडला, तर पंचवीस लिटर पाण्यात तेवढा अमोनिया घातक ठरतो, साडेतीनशे लिटरमध्ये तो पातळ होतो. तापमानाचेही तसेच आहे: पाणी जास्त असले की ते सावकाश तापते आणि सावकाश निवते. चूक सुधारायला मोठी टाकी वेळ देते. एक फूट लांबी-रुंदी-उंचीच्या टाकीत जेमतेम २७ लिटर पाणी बसते. अशी टाकी दुकानात गोजिरी दिसते, पण नवख्या माणसाने ती घेऊ नये, एवढा धडा या उत्तरातून जरूर घ्यावा.

बाष्पीभवनाचा हिशेब

आता आपल्याकडचा मे महिना. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून पातळी उतरली की खारेपणा वाढतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतले पाणी रोज १ सेंटिमीटर उतरते असे धरू. पाण्याची उंची ३० सेंटिमीटर असेल, तर तीन दिवसांत ३५ चे जवळजवळ ३९ होतात. उंची ६० सेंटिमीटर असेल, तर ३७ च्या आतच राहतात. तांबड्या समुद्रात ४० च्या आसपास क्षार असतात आणि तिथे प्रवाळ सुखाने जगतात, हे खरे. पण तिथले जीव त्या खारेपणातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले असतात. तीन दिवसांत झालेला बदल आपल्या टाकीतल्या जिवांना सोसत नाही.

या हिशेबात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. उडालेल्या पाण्याचे एकूण पाण्याशी प्रमाण टाकीच्या लिटरवर ठरत नाही, पाण्याच्या उंचीवर ठरते. ३० सेंटिमीटर उंचीची टाकी दोन फूट लांब असो की सहा फूट, रोजच्या १ सेंटिमीटरने खारेपणा दोन्हींत सारखाच वाढतो. मग टाकी उंचच का करू नये? कारण प्राणवायू पृष्ठभागातून मिसळतो, आणि उंच-अरुंद टाकीला पृष्ठभाग कमी. कोमट आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. शिवाय खोल टाकीत तळापर्यंत उजेड पोचवायला जास्त ताकदीचे दिवे लागतात, आणि दिवे पुन्हा उष्णता देतात. या ओढाताणीत ४० ते ४५ सेंटिमीटर उंची मधली वाट ठरते.

किती पाणी, कोणाचे पाणी

उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालायची असते, तीही जवळजवळ क्षारमुक्त पाण्याने. बोअरच्या पाण्यात कठीणपणा असतो आणि खतांचे नायट्रेटही बरेचदा असते. ते टाकीत घातले तर शेवाळ माजते. म्हणून आरओ आणि त्यापुढे रेझिनची नळी हवी. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो.

आता दोन टाक्या शेजारी ठेवू. पहिली चार फुटी: १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच. खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात साडेतीनशे लिटर पाणी राहते. १ सेंटिमीटर उतरले की ७ लिटर गेले. ते भरून काढायला आरओमध्ये किमान २१ लिटर कच्चे पाणी ओतावे लागते, रोज. टंचाईच्या दिवसांत टँकरने पाणी देताना ग्रामीण भागात माणशी २० लिटरचा हिशेब असतो, आणि जलजीवन मिशनचे नळाचे उद्दिष्ट माणशी ५५ लिटरचे आहे. म्हणजे ही टाकी मे महिन्यात एका माणसाचा टँकरचा वाटा पिते. ज्या घरात हे पाणी हंड्याने येते, तिथे ते बहुतेक बाईच्या डोक्यावरून येते. लंडनच्या त्या मोलकरणीचे काम इथे कोणाकडे जाणार, हे काच कापायला देण्याआधी घरात विचारावे.

दुसरी अडीच फुटी: ७५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. पाणी सुमारे १२० लिटर. रोज साडेतीन लिटर उडते, म्हणजे कच्चे पाणी दहा-अकरा लिटर. आरओने बाहेर टाकलेले सहा-सात लिटर फरशी पुसायला आणि भांड्यांच्या पहिल्या पाण्याला चालते. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे तर १२ लिटर पाणी आणि साडेचारशे ग्रॅमच्या आसपास मीठ. चार फुटीला हेच ३५ लिटर आणि सव्वा किलोहून अधिक मीठ लागते. मीठ महाग असते आणि खर्च दर आठवड्याचा असतो.

ऊन, वीज आणि वजन

टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांत राहावे. बाहेर चाळिशी ओलांडली की खोलीतले पाणी सहज ३२ वर जाते. चिलर हा खात्रीचा उपाय, पण तो महाग आणि वीज खाणारा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठाचे तत्त्व कामी येते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा मारला की बाष्पीभवन वाढते आणि पाणी काही अंश उतरते. १०० लिटरमधले १ लिटर उडताना ते पाच-सहा अंश उतरतील इतकी उष्णता सोबत नेते. त्यातली बरीचशी उष्णता खोलीतली हवा परत देते, म्हणून प्रत्यक्षात उतार दोन-चार अंशांचाच मिळतो. गारव्याची किंमत मात्र पाण्याने मोजावी लागते. लहान टाकीला ती परवडते, चार फुटीला टँकरच्या दिवसांत परवडत नाही.

भारनियमनात आधी उष्णता मारत नाही, प्राणवायूची टंचाई मारते. पंप थांबला की पाणी हलत नाही. अडीच फुटी टाकीचा पंप आणि हवेचा दगड साध्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालू शकतो. चार फुटीचे पंप, गाळणी आणि चिलर मिळून तो इन्व्हर्टर लवकर उतरवतात.

राहिले वजन. चार फुटीची १२ मिलिमीटर जाडीची काचच ऐंशी-नव्वद किलो भरते. पाणी, खडक आणि लोखंडी घोडा धरून पाचशे किलोंच्या वर जाते, आणि ते पाऊण चौरस मीटरवर उभे राहते. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा भार धरते. अडीच फुटीचे एकूण वजन दोनशे किलोंच्या घरात, म्हणजे तीन माणसे एकत्र उभी राहावीत इतके. दोन्ही टाक्या तळमजल्यावर, कोब्यावर ठेवाव्यात, सपाटी पाणसळीने पाहून. शहाबादी फरशी खाली पोकळ वाजत असेल तर ती जागा टाळावी. माळवदाच्या जुन्या घरात माडीवर यातले काहीच ठेवू नये.

शेवटचे माप माणसांचे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात आणि घराला कुलूप लागते. टाकीला असे कुलूप चालत नाही. दुभत्या जनावरासारखे तिच्यासाठी रोज कोणीतरी घरी लागते, आणि पातळी पाहून पाणी घालणारा दुसरा माणूस तयार असावा लागतो.

हे सगळे एकत्र धरले तर उमापूरसारख्या गावात, बारमाही पाण्याची सोय असलेल्या घराला, अडीच फुटी टाकी योग्य ठरते: सव्वाशे लिटरच्या आत पाणी, एक विदूषक माशांचे जोडपे, दोन-चार मऊ प्रवाळ. ज्यांच्याकडे मार्चनंतर टँकर येतो, त्यांनी टाकी घेऊच नये. तेही एक योग्य मापच आहे.

आणि हे माझ्या शब्दावर मानायचे कारण नाही. दिवाळीपासून मे महिना सहा महिन्यांवर आहे. सरळ काठाचे एक मोठे पातेले घ्यावे, जिथे टाकी ठेवायची तिथे भरून ठेवावे, आणि मे महिनाभर रोज सकाळी पट्टीने पातळी, दुपारी चारला तापमान आणि रात्री वीज गेलेले तास वहीत लिहावेत. भर घालायला किती पाणी लागले आणि ते कोणी आणले, हेही लिहावे. एवढा खर्च पातेल्याचा आणि एका थर्मामीटरचा. जूनमध्ये ती वही उघडली की टाकी केवढी घ्यायची हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.