सोडलेलं आणि पोचलेलं

माझ्या कमरेला इन्सुलिनचा पंप आहे, हे कळलं की लोक म्हणतात, “बरं झालं, आता साखर आपोआप सांभाळली जाते!” या ‘आपोआप’चा अर्थ मी नऊ वर्षांच्या नोंदवह्यांतून आणि जुन्या शोधनिबंधांतून शोधते आहे.

निरोगी स्वादुपिंड दोन तऱ्हांनी इन्सुलिन सोडतं : जेवणानंतर भरपूर आणि एरवी, अगदी झोपेतही, अखंड बारीक धारेनं. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं; तिला आवर घालते ती ही धार. टोरांटोत जानेवारी १९२२मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या किशोरवयीन मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि प्रकार १चा मधुमेह म्हणजे मरण, हे समीकरण मोडलं. पण सुईला धारेची नक्कल जमेना. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या जॉन पिकअप, हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी छोट्या पंपानं त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडण्याचा प्रयोग १९७८मध्ये प्रसिद्ध केला. आजचे पंप त्याच वाटेवरचे.

माझा पंप मध्यरात्री ताशी ०.६ युनिट सोडतो. म्हणजे थेंबाचा जेमतेम आठवा हिस्सा. पहाटे शरीरातली इतर संप्रेरकं साखर चढवतात, म्हणून चारनंतर ०.९. जेवणाचा डोस मी सांगायचा. चकली-करंजीतल्या तुपातेलामुळे साखर उशिरा चढते, म्हणून फराळाचा डोस दोन हप्त्यांत विभागते. इंजेक्शनवर असताना ही मोकळीक नव्हती.

पण तिची किंमत आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा साठा इंजेक्शननंतर त्वचेखाली टिकतो. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. धार तुटली की काही तासांत शरीर रिकामं होतं आणि रक्तात कीटोन साचू लागतात. वेळीच इन्सुलिन मिळालं नाही, तर ते जिवावर बेततं.

एका पावसाळी रात्री झोपताना साखर १४० होती. पहाटे मळमळून जाग आली, तेव्हा ३८०. पंपाच्या पडद्यावर सगळं सुरळीत. तासागणिक युनिटं हिशेबात जमा. मग वास आला. इन्सुलिन टिकवायला त्यात फिनॉल-क्रेसॉलसारखी द्रव्यं घालतात, त्यांचा. गाऊन कमरेशी ओला होता. कॅन्युला त्वचेतून निसटली होती आणि औषध कापडात मुरत होतं. नळी तुंबली की पंप ओरडतो. गळतीत त्याला काहीच अडथळा जाणवत नाही. मी पेननं इन्सुलिन टोचलं, कॅन्युला बदलली, डॉक्टरांना फोन केला.

त्या पहाटे मला पंपाची मर्यादा नेमकी उमजली : तो सोडलेलं मोजतो, पोचलेलं नाही.

आता सेन्सरची साखर वाचून धार कमीजास्त करणारे पंप आले आहेत. अशा पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६मध्ये मान्यता मिळाली. रात्रीच्या झोपेसाठी ते वरदानच. तरी कॅन्युला निसटली, तर सेन्सरला साखर चढलेली दिसेल आणि पंप इन्सुलिन वाढवेल. तेही त्याच गाऊनमध्ये.

म्हणून दर दोन-तीन दिवसांनी कॅन्युला बदलते, पर्समध्ये पेन आणि कीटोनच्या पट्ट्या ठेवते. दिवा मालवण्याआधी कमरेच्या चिकटपट्टीवरून एकदा बोट फिरवते. कोरडी लागली की झोपते.