शाळेच्या छपराचा ठराव कधी आणि कसा करायचा?



आपल्या पन्हाळा तालुक्यात पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी एक काम ठरलेलं असतं. कौलं चाळायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली आहे का बघायचं, स्लॅब असेल तर भेगा बुजवायच्या. त्यासाठी आपण कुणाची वाट बघत नाही. मग जिथं आपली लेकरं रोज पाच-सहा तास बसतात, त्या शाळेच्या छपराचं काय? कोडोलीच्या बचत गटांच्या बैठकीत हा विषय निघाला की एकच प्रश्न येतो : "शाळा जिल्हा परिषदेची, मग आपण काय करणार?" त्याचं उत्तर आज आम्ही सांगणार आहोत.

आधी हे का गरजेचं आहे ते बघू. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचा भाग कोसळला आणि तीन मुलं गेली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात २५ जुलै २०२५ रोजी शाळेचं छत पडून सात मुलांचा जीव गेला. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. इमारत एका दिवसात पडत नाही. पाणी मुरतं, आतली सळी गंजते, गंजली की फुगते आणि वरचा गिलावा ढकलून देते. म्हणून छताचे पोपडे पडायला लागले, की तो नुसता कचरा समजून झाडून टाकायचा नाही. ती सूचना असते.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्यात शाळेला ऊन-पावसात टिकणारी इमारत, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, आहाराचं स्वयंपाकघर आणि कुंपण असलं पाहिजे असं लिहिलेलं आहे. म्हणजे मुलाला शाळेत धाडणं हे जसं आपलं कर्तव्य, तसं सुरक्षित वर्ग मिळणं हा त्याचा हक्क आहे.

आता पैसा कुठून येतो? वाटा तीन आहेत.

पहिली वाट शाळेच्याच हातात आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान असतं. पट १०१ ते २५० असेल तर निकष ५० हजार रुपयांचा आहे. पण त्यातच वीजबिल, खडू, साहित्य, स्वच्छता सगळं बसवायचं. दोन-चार कौलं, एखादा नळ एवढंच त्यातून होतं.

दुसरी वाट ग्रामपंचायतीची. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत आणि प्राथमिक शाळा हा त्यातला एक आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी जो निधी दिला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायला मोकळा होता. त्यातून विचार कसा करायचा ते ध्यानात घ्या : शाळेचं स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी बंधित निधीतून मागायची, छपराची दुरुस्ती अबंधित निधीतून. दोन्ही एकाच निधीतून मागितली तर एक काम नक्की मागं पडतं.

तिसरी वाट जिल्हा परिषद आणि जिल्हा वार्षिक योजनेची. पूर्ण नवीन खोली किंवा मोठी दुरुस्ती तिथूनच होते. खोली धोकादायक ठरली, तर तिचं आधी निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ती वापरातून काढून पाडायची परवानगी घ्यावी लागते. अशा खोलीवर डागडुजीचा पैसा घालू नये. म्हणून दुरुस्ती की निर्लेखन, हे अभियंत्याकडून लेखी घेणं ही पहिली पायरी आहे.

आता काम पुढं कसं सरकतं? सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून होते. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे आपल्यातल्याच कुणी तरी तिथं आहेत. त्यांनी ठराव घ्यायचा आणि मुख्याध्यापकांनी तो ग्रामपंचायतीला पत्रासोबत द्यायचा. मग बांधकाम विभागाचे अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक बनवतात. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसतं, ग्रामसभा त्याला मान्यता देते, त्यानंतर तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी, मग कार्यारंभ आदेश.

इथं आपली जागा आहे महिला ग्रामसभा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. तिथं झालेला ठराव ग्रामसभेपुढं जातो. बाई उठून "शाळा गळते" एवढं म्हणाली तर ते बोलणं तिथंच राहतं. "अमुक वर्गाच्या छताची दुरुस्ती आराखड्यात घ्यावी" असं लेखी दिलं आणि इतिवृत्तात नोंद करून घेतली, तर त्याचा पाठपुरावा करता येतो.

वेळेचा हिशोब उलटा करा. शाळा जूनच्या मध्याला भरते, पाऊसही तेव्हाच येतो. म्हणजे काम मे महिन्याच्या सुट्टीतच झालं पाहिजे. त्यासाठी मंजुरी मार्च-एप्रिलपर्यंत हवी. आराखडा २ ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तयार होतो. म्हणजे आपला ठराव गांधी जयंतीच्या आसपास किंवा फार तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत गेला पाहिजे. जूनमध्ये गळती दिसल्यावर ओरडलो तर ते वर्ष गेलं. गळती दिसेल तेव्हा तारखेसह फोटो काढून ठेवा, ऑक्टोबरमध्ये तोच पुरावा.

पैसा कमी असला की क्रमावरून वाद होतो. रंगरंगोटी, कमान, पेव्हर ब्लॉक ही कामं डोळ्यांत भरतात आणि उद्घाटनाला शोभतात. पण वरून पाणी मुरत असेल तर भिंतीवरचा रंग एका पावसात फुगतो. आमच्या मते क्रम असा हवा : आधी छत आणि भिंती, मग विजेच्या तारा, मग मुलींचं स्वच्छतागृह आणि पाणी, मग आहाराची खोली, मग कुंपण आणि शेवटी रंग. सहावी-सातवीच्या मुली पाळीच्या दिवसांत घरी का राहतात, हे सभेत पुरुषमंडळी सांगणार नाहीत. ते आपणच सांगायचं. आणि २०१९ च्या, २०२१ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी कुटुंबांनी शाळांतच आसरा घेतला, हेही सांगायचं. शाळा पक्की असणं ही साऱ्या गावाची गरज आहे.

काम सुरू झाल्यावरही लक्ष ठेवा. अंदाजपत्रकाची प्रत मागा. सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरही दिसतो, घरातल्या शिकलेल्या लेकीला मोबाइलवर काढायला सांगा. जुनी कौलं आणि वासे कुठं गेले, तेही विचारा. आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी एक पाऊस त्या छतावर पडू द्या, असा आग्रह धरा.

या महिन्याच्या गट बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं यासाठी काढा. दोघींनी शाळेत जाऊन प्रत्येक वर्ग बघायचा, गळती, भेगा, उघड्या तारा, तुटकी दारं वहीत लिहायची आणि ती यादी व्यवस्थापन समितीतल्या महिलांच्या हातात द्यायची. पुढची महिला ग्रामसभा कधी आहे, ते ग्रामपंचायतीत विचारून तारीख गटाच्या नोंदवहीत लिहून ठेवा. त्या दिवशी शेजारणीलाही सोबत घेऊन या.