बांबू झाड की गवत? आणि त्याचा भाव ठरवतो कोण?

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी इथे घातल्या आहेत.

मागच्या महिन्यात धानोरा तालुक्यातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. ते त्यांच्या ग्रामसभेच्या बांबू समितीत आहेत. म्हणाले, "दादा, जंगलावर हक्क आमचा, बांबू आमचा, टीपीचं पुस्तक बी आमच्याच हातात. मंग भाव आमचा काऊन नाही? टेंडर काढलं का एकच व्यापारी येते आन् तोच भाव सांगून जाते." मी त्यांना लगेच म्हटलं, पुढच्या भागात बोलू. मग वाचायला बसलो आणि लक्षात आलं की या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला 1925 सालापासून सुरुवात करावी लागते.

तर ऐका. शंभर वर्षांपूर्वी बांबूपासून कागद करण्याचं तंत्र आपल्याकडे नुकतं रुळत होतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत त्यावर बरंच काम झालं होतं. पण युरोपातून येणारा लाकडाच्या लगद्याचा कागद इतका स्वस्त पडायचा की इथला कारखाना त्याच्यापुढे टिकेना. तेव्हा 1925 मध्ये 'बांबू पेपर इंडस्ट्री प्रोटेक्शन अॅक्ट' आला. बाहेरून येणाऱ्या ठरावीक कागदावर पौंडामागे एक आणा जकात बसली. सात वर्षांसाठी म्हणून आलेलं हे संरक्षण 1932 मध्ये वाढवलं, आणि आयात लगद्यावरही शुल्क लावलं. म्हणजे बघा, बांबूचा कागद हा धंदा या देशात उभा राहिला तो जकातीच्या भिंतीआड. जंगलात बांबू तर आधीही होताच, पण त्याला गिऱ्हाईक मिळालं ते कायद्यामुळे.

बल्लारपूरचा कारखाना 1945 चा, थापरांचा. जागा नकाशावर बघा म्हणजे कारण कळेल: वर्धा नदीचं पाणी, शेजारी कोळसा, दिल्ली-मद्रास रेल्वे लाइन, आणि पूर्वेला बांबूचं जंगल, जे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात येतं. (गडचिरोली वेगळा जिल्हा झाला 1982 मध्ये, तोवर सगळं चांदाच.) मी चंद्रपुरात वाढलो. बांबूच्या बंडलांनी फुगलेले ट्रक आणि वाऱ्याबरोबर येणारा कारखान्याचा तो उग्र वास, हे दोन्ही माझ्या लहानपणाचा भाग आहेत. तेव्हा असं वाटायचं की बांबू म्हणजे कागदाचाच कच्चा माल. घरी सुपं, टोपल्या, धानाच्या ढोल्या त्याच बांबूच्या होत्या, पावसाळ्यात वास्त्यांची भाजी व्हायची, पण तो 'उद्योग' आहे असं कुणी म्हणत नव्हतं.

इथे पहिला मुद्दा येतो. जंगल सरकारचं, त्यामुळे कारखान्याला बांबू मिळायचा तो लांब मुदतीच्या लीजवर, सरकारने ठरवलेल्या रॉयल्टीने. बाजारभावाचा संबंध नाही. यात किती फरक पडतो हे माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या दांडेलीच्या कारखान्याबद्दल लिहून ठेवलंय: कारखान्याला बांबू मिळायचा टनाला दीड रुपयाने, आणि तोच बांबू बाजारात टोपल्या विणणाऱ्यांना टनाला हजारांच्या घरात पडायचा. दीड रुपयाला मिळणारी वस्तू कुणी जपून वापरत नाही. हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, आपल्या आजीला विचारलं तरी चाललं असतं. 1988 च्या राष्ट्रीय वनधोरणात सरकारने स्वतःच लिहिलं की उद्योगांना जंगलातला माल सवलतीच्या दरात देण्याची पद्धत थांबली पाहिजे, आणि कारखान्यांनी आपलं लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावं. लिहिलं खरं. अंमल व्हायला मात्र किती वर्षं गेली!

आता दुसरी गंमत. वनस्पतिशास्त्राने बांबू हे गवत आहे. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात ताडमाडांबरोबर बांबूही घातलेला होता. त्यामुळे तोड आणि वाहतूक यांचे सगळे नियम झाडाचे. स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून तालुक्याला नेताना माणूस पकडला जायचा तो या एका शब्दामुळे.

2006 चा वनहक्क कायदा आला आणि त्याने बांबूला नाव घेऊन गौण वनोपज म्हटलं. मालकी ग्रामसभेची. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. सुमारे 1,800 हेक्टर जंगल. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. पण हक्काचा कागद मिळाल्यावरही बांबू गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवाना वनविभाग देणार आणि त्यांच्या लेखी बांबू अजून झाडच! घर तुमच्या नावावर केलं, पण दाराची किल्ली दिली नाही, अशी स्थिती. मार्च 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली की बांबूला गौण वनोपज माना. 27 एप्रिल 2011 ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले. वनजमिनीबाहेरचा, म्हणजे शेतातला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला तो त्यानंतर, नोव्हेंबर 2017 च्या अध्यादेशाने.

मग दादांचा प्रश्न तसाच का राहिला?

कारण माल हातात आला तेव्हा गिऱ्हाईक निघून चाललं होतं. भारत आणि आसियान देशांचा वस्तुव्यापार करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. इतर देशांच्या कागदावर साधारण 10 टक्के आयात शुल्क. इंडोनेशिया, थायलंड वगैरेंच्या बहुतेक कागदावर ते टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. इंडोनेशियातले कारखाने प्रचंड मोठे, त्यांची स्वतःची लागवड, चारपाच वर्षांत तोडीला येणारी झाडं. म्हणजे 1925 ला जी भिंत बांधली होती ती एका बाजूने काढून घेतली. मी कराराच्या विरोधात बोलत नाहीये. वह्या-पुस्तकं छापणाऱ्याला स्वस्त कागद हवाच असतो. पण त्याची किंमत कुठे चुकती होते हे धानोऱ्यात बसून दिसत नाही, म्हणून सांगतोय.

बल्लारपूर कंपनीची कथा तर आणखी बोलकी. 2007 मध्ये तिने मलेशियातली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेतली. कच्च्या मालासाठी थेट बोर्निओ! पुढे कर्ज अंगावर आलं. गोदावरीपलीकडचा कमलापुरमचा लगदा कारखाना 2014 मध्ये बंद पडला, आणि 2020 मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सगळं खापर आसियानवर फोडणं चूक आहे, कर्ज हे कंपनीच्या स्वतःच्या निर्णयांचं होतं. तोवर कागदवाले निलगिरी-सुबाभळीकडे वळलेही होते. शेतातलं लाकूड रस्त्याला लागून मिळतं, बांबू रांजीतून काढून डोंगर उतरवावा लागतो.

बरं, कागद नाही तर अगरबत्ती? ही वाट बरी वाटते, गडचिरोलीत बायकांनी अगरबत्तीची केंद्रं चालवून दाखवली आहेत. पण तिथेही काडी व्हिएतनाम-चीनमधून येत होती. 31 ऑगस्ट 2019 ला सरकारने अगरबत्तीची आयात 'खुली' होती ती 'प्रतिबंधित' केली. तर लोक तयार अगरबत्तीऐवजी नुसती काडी आणायला लागले! जून 2020 मध्ये काडीवरचं शुल्क 10 वरून 25 टक्के केलं. त्यात अडचण अशी की काडीत बांबूचा जेमतेम सहावा भाग जातो, बाकी चोथा. त्या चोथ्याचा कोळसा करून बाहेर विकावा, तर कोळशाच्या निर्यातीवर बंदी. ती बांबूच्या कोळशापुरती उठली मे 2022 मध्ये. एक गाठ सोडवायची तर तीन खात्यांची दारं. शिवाय आपला मानवेल भरीव, पेरं आखूड. काठीला उत्तम, काडीला तेवढा सोयीचा नाही. हे दिल्लीच्या अधिसूचनेत लिहिलेलं नसतं.

आता नवं गिऱ्हाईक म्हणून ज्याचं नाव निघतंय ते वीज केंद्र. कोळशाबरोबर ठरावीक टक्के जैवइंधन जाळायचं असं केंद्राचं धोरण आहे, आणि 2,920 मेगावॉटचं चंद्रपूर केंद्र तर दारातच. राज्यानेही 2025 मध्ये बांबू उद्योग धोरण मंजूर केलं. मला यात थोडी धाकधूक वाटते. बांबू बॉयलरमध्ये गेला की त्याची तुलना कोळशाशी होणार, आणि चंद्रपुरात कोळशापेक्षा महाग विकून दाखवणं सोपं नाही. शिवाय या धोरणाचा भर नव्या लागवडीवर आहे. तो शेतातला बांबू उद्या रस्त्यालगत उभा राहिला, तर डोंगरातल्या बांबूचं काय, याचं उत्तर मला कुठे दिसलं नाही.

आता दादा, तुमच्या टेंडरकडे येतो. एकच व्यापारी येतो, कारण त्याला ट्रक भरेल एवढा माल हवा आणि एका गावाच्या बांबूसाठी दुसरा कुणी इतक्या आत येत नाही. तोडलेला बांबू पडून राहिला की भुंगा लागतो, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. म्हणून तो थांबतो आणि तुम्हाला थांबता येत नाही. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा करून एकत्र बसायला सुरुवात केली ती याचसाठी. तेंदूपत्त्यात त्यांना त्याचा अनुभव आहे. (तेंदूवर 2017 पासून 18 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 मध्ये तो 5 वर आला, तो विषय वेगळ्या भागात घेऊ.) शेजारची पाचसात गावं मिळून तोडीआधीच टेंडर काढा. लांब बांबू आणि बंडल यांची बोली वेगळी लावा, कारण लांब बांबूचं गिऱ्हाईक निराळं असतं: बांधकामवाले, भाजीचे मांडव घालणारे, बुरूड. एकगठ्ठा विकला की व्यापारी सगळ्याला बंडलाचा भाव लावतो आणि लांब बांबू वेगळा काढून पुढे विकतो.

आणि टेंडर उघडाल त्या दिवशी मला एक मेसेज टाका, किती जण आले ते.