नळी, दस्ता आणि परवाना

शिकारी रायफलीची अचूकता कागदावर मोजतात. शंभर यार्डांवरच्या लक्ष्यावर तीन किंवा पाच गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर घ्यायचे. ते साधारण एक इंच भरले तर रायफल ‘एक मिनिटाची’ ठरते. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. आजची चांगली कारखानी रायफल मानवणारे काडतूस मिळाले की या मापाच्या आसपास पोहोचते. एकाच गिऱ्हाइकासाठी घडवलेली रायफल त्याच्या निम्म्यावर येऊ शकते. त्या अर्ध्या इंचासाठी किती पैसे मोजायचे, हा जगभरच्या शिकाऱ्यांचा जुना प्रश्न आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलाने या प्रश्नाला फार पूर्वीच वेगळे वळण दिले. नागझिरा आणि नवेगावबांधचे रान साग, ऐन, मोह आणि बांबूचे. पावसाळ्यानंतर गवत-झुडपांमुळे नजर फार लांब जात नाही. मचाणावरून किंवा हाकाऱ्यात सुटणारा बार बहुधा शंभर यार्डांच्या आतलाच. तीन मिनिटांची सुमार रायफलसुद्धा साठ यार्डांवर आपल्या गोळ्या दोन इंचांच्या आत ठेवते, आणि चितळाच्या छातीतला वर्मी भाग त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. निव्वळ अचूकतेच्या हिशोबाने इथे महागडी रायफल घेण्याचे कारण उरत नव्हते. तरीही ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतात मागणीवरून घडवलेल्या रायफली येत राहिल्या. त्यांची कारणे निराळी होती.

मध्य प्रांतात नोकरी केलेल्या जेम्स फोर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याने १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. सातपुड्याच्या जंगलांवरचे त्याचे अधिक प्रसिद्ध पुस्तक १८७१ चे. त्या काळच्या लष्करी रायफलींत नळीच्या आतले चर घट्ट पिळाचे असत. लांबचा नेम धरायला तो पीळ उपयोगी, पण जास्त दारू भरली की गोल गोळी चर सोडून सरळ घसरत जाई. फोर्सिथने पीळ अगदी सैल करायला सांगितले. मग मोठ्या व्यासाची गोल गोळी भरपूर दारूने, वेगाने आणि शंभर-दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सपाट मार्गाने जाते. रानगवा किंवा अस्वल जवळून अंगावर येते तेव्हा हवे असते तेच. अशी नळी कोठारात तयार मिळत नव्हती, बंदूककाराकडून करवून घ्यावी लागे. तेव्हा मध्य भारताच्या रानासाठी घडवून घेतलेली रायफल ही मुळात लांबच्या नेमासाठी नव्हतीच. ती जवळच्या, धोक्याच्या बारासाठी होती.

या गरजेचा कळस म्हणजे इंग्लंडची दुनळी रायफल. हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्‌स, जॉन रिग्बी यांच्या कारखान्यांत ती गिऱ्हाइकाच्या हाताच्या, मानेच्या, खांद्याच्या मापाने घडे. दस्ता कुणाचा किती लांब, किती वाकडा, हे आधीच ठरलेले असे. कारण झाडीतून आलेल्या जनावरावर नेम धरायला सवड नसते, बंदूक खांद्याला लागताच डोळा आपोआप माशीच्या रेषेत यावा लागतो. या रायफलीत खरी गुंतागुंत दोन नळ्यांच्या जोडणीची. नळ्या समांतर बसवल्या तर काम सोपे व्हायला हवे, पण तसे होत नाही. उजवी नळी उडली की धक्क्याने बंदूक मागे येते आणि उजवीकडे झुकते, कारण नळी मध्यरेषेच्या उजव्या बाजूला आहे. गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत हा झोल सुरू झालेला असतो. डावीचे याच्या उलट. म्हणून नळ्या पुढच्या टोकाला किंचित एकमेकींकडे वळवाव्या लागतात. किती, ते गणिताने पुरते सांगता येत नाही. दस्ता, वजन, दारू, गोळी, प्रत्येकाने उत्तर बदलते.

हे उत्तर काढणारा एक स्वतंत्र कारागीर असे. तो नळ्यांच्या तोंडाशी बारीक पाचर घालून झाळ लावी, चार बार काढी, लक्ष्यावरच्या छिद्रांकडे बघे, टोक तापवून झाळ सैल करी, पाचर केसभर सरकवी आणि पुन्हा बार काढी. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरलेल्या अंतरावर शेजारी शेजारी पडू लागेपर्यंत हेच. बाकी कारखान्यात यंत्रे आली तरी हे काम खांदा आणि डोळा यांच्या भरवशावरच राहिले. दुनळीची किंमत कोरीव नक्षीत आहे असा समज पुष्कळांचा असतो; ती बरीचशी या पाचरेत आहे.

त्या मेहनतीला एक अटही चिकटलेली होती. नळ्या एका विशिष्ट काडतुसाला जुळवलेल्या असत. दारूचे वजन बदलले की जोडी फुटे. कॉर्डाइट ही दारू उष्णतेने चेकाळणारी. विलायतेच्या थंडीत जुळवलेली रायफल विदर्भाच्या मे महिन्यात त्याच काडतुसाने जास्त दाब निर्माण करी. यावर उपाय म्हणून उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची काडतुसे वेगळी भरली जात. ज्याच्यापाशी विलायतेच्या भरणीला जुळवलेली दुनळी आणि उष्ण प्रदेशाची पेटी असा घोळ असेल, त्याची महागडी रायफल दोन वेगळ्या ठिकाणी मारायची.

एकनळी बोल्ट रायफलीत मात्र कारखाना आणि कारागीर यांच्यातली भिंत पातळ होते. १८९८ च्या माउझर रायफलीचा बोल्ट आणि त्याचे घर जर्मनीत ओबर्नडोर्फच्या कारखान्यात हजारोंनी निघत. लंडनचे बंदूककार ते घेऊन त्यावर आपली नळी, आपला दस्ता, आपली माशी चढवीत. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली मिळालेली .२७५ रिग्बी रायफल याच पद्धतीची. तिचे काडतूस म्हणजे जर्मन ७×५७ माउझरच. आजही उंची रायफल घडवणारे बरेचसे एखाद्या कारखानी बोल्टवर, अमेरिकेत १९६२ पासून निघणाऱ्या रेमिंग्टन ७०० सारख्यावर, किंवा त्याच्या सुधारित नकलेवर काम करतात.

मग कारागीर नेमके काय वाढवतो? सर्वांत आधी नळी. कारखान्यात ती कठीण धातूच्या दांड्यावर चढवून बाहेरून हातोड्यांनी ठोकतात. चर आपोआप उमटतात आणि काम मिनिटांत होते. कारागीर एकाच पात्याने एकेक चर खरवडतो, प्रत्येक फेरीत जेमतेम इंचाचा दहा-हजारावा भाग. मग आत शिशाचा ओतीव गट्टू पॉलिशच्या पुडीसह मागेपुढे फिरवून पृष्ठभाग घासतो. दुसरी गोष्ट काडतुसाचे घर. कारखान्याला कुठल्याही पेटीतले काडतूस बसवायचे असते, म्हणून घर थोडे सैल ठेवावे लागते. कारागीर ते एकाच मापाला घट्ट करतो. तिसरी, आणि गोंदियासाठी सर्वांत महत्त्वाची, बोल्टचे घर लाकडात बसवण्याची रीत. अक्रोडाचे लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नळीला ते एका बाजूने टेकू लागले की बंदुकीला काही न होता नेम हळूहळू सरकतो. इपॉक्सीच्या थरात बोल्टचे घर बसवून नळी लाकडापासून मोकळी ठेवली की हा दोष बहुतांशी जातो. हे काम तुलनेने स्वस्त आहे, त्याला नवी रायफल लागत नाही, आणि त्याचा फायदा बहुधा महागड्या नळीपेक्षा जास्त असतो.

भारतात ‘कारखानी रायफल’ म्हटले की नाव येते ते इशापूरचे. कोलकात्याजवळच्या या रायफल फॅक्टरीत ली-एनफील्डच्या घराण्यातली .३१५ स्पोर्टिंग रायफल बनते. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा ही फॅक्टरी अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे गेली. .३१५ हे काडतूस जातीने ऑस्ट्रियाचे, १८९० च्या सुमाराचे ८ मिमी मॅनलिखर. ते इथे रुजले कारण .३०३ हे लष्कराचे काडतूस ब्रिटिशांना नागरिकांच्या हाती नको होते. .४५० व्यासाच्या बड्या काडतुसांनाही विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात बंदी झाली आणि ती चुकवायला विलायती बंदूककारांनी .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. हिंदी शिकारीतली अर्धी मापे अशी बंदीच्या पोटी जन्मली आहेत.

इशापूरची रायफल ओबडधोबड आहे, पण तिच्यातला कमकुवत दुवा ओळखीचा आणि दुरुस्त होणारा आहे. ली-एनफील्डचा दस्ता दोन तुकड्यांचा. पुढच्या लाकडाचे पाठीमागचे खांदे धक्का झेलतात. तेल मुरून किंवा लाकूड आकसून ते खांदे सैल पडले की गोळ्या विखुरतात, आणि मालक दोष नळीला देतो. तिथे कठीण लाकडाची पाचर नीट बसवली की बऱ्याचदा रायफल पूर्ववत होते. साठ-सत्तर यार्डांच्या रानडुकरासाठी तिच्याकडून यापेक्षा जास्त मागणे व्यर्थ आहे.

पूर्व विदर्भात मागणीवरून घडवलेले आणखी एक हत्यार होते, भरमार. गावच्या लोहाराच्या हातची, तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची ही बंदूक. तिच्या नळीत चर नसल्याने ती रायफल नव्हे, आणि अचूकतेशी तिचा संबंध जेमतेम. पण मालकाच्या सांगण्यावरून घडवायची ही रीत लंडनच्या दुकानांतच होती असे नाही, एवढे तिच्याकडे बघून कळते. पिकाच्या राखणीसाठी अशा बंदुकांना परवाने मिळत.

इथपर्यंतची निवड लोखंड-लाकडाची. पुढची कायद्याची, आणि तिथे पर्याय झपाट्याने आटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार आवळली आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. नागझिरा १९७० सालापासून अभयारण्य आहे, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाले. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायलाच परवानगी लागते. कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंद करायची असते. त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीविना दिला जात नाही. सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, तिरोडा या तालुक्यांतली कितीतरी गावे या वर्तुळात येतात.

कारागिराकडे जाण्याची वाट तर शस्त्र अधिनियम १९५९ नेच अरुंद केली. शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे, त्याचे रूप बदलणे, चाचणी घेणे, प्रत्येकाला परवाना हवा. शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, म्हणजे परदेशातून नुसती कच्ची नळी मागवणे हीसुद्धा शस्त्राचीच आयात. आणि खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून, मान्यताप्राप्त नेमबाज वगळता, जवळजवळ बंद आहे. काडतूस स्वतः भरणे हेही उत्पादनच. घट्ट मापाचे घर असलेल्या रायफलीला तिच्यासाठीच भरलेले काडतूस लागते, तिची निम्मी अचूकता त्यातच असते. ते न मिळाल्यास एवढ्या मेहनतीची नळी बाजारच्या पेटीवर चालवायची, आणि तेव्हा त्या मेहनतीचा फायदा बराचसा वाया जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. एक राखणीची आणि एक हौसेची, यापुढे संग्रह वाढत नाही. निवडणूक आली की तीही बहुधा ठाण्यात जमा करावी लागतात.

वारशाने जुनी विलायती दुनळी आली असेल तर आयातबंदीमुळे तिला बाजारात मोठी किंमत येते, पण ज्या काडतुसाला तिच्या नळ्या जुळवल्या होत्या ते मिळणे दुर्मीळ. दुसऱ्या भरणीचे काडतूस चालवण्याआधी कागदावर दोन्ही नळ्या तपासाव्या लागतात, आणि त्यासाठीसुद्धा परवानाप्राप्त ठिकाण शोधावे लागते.

उरते ते पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय. कलम अकराखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी अशा जनावराला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीत कारण नमूद करावे लागते. परवानगी मिळालेल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर बहुधा .३१५ किंवा बारा बोअरची बंदूक असते. तीही नसली तर दुसऱ्या परवानाधारकाला बोलवावे लागते. कलम एकोणचाळीसप्रमाणे मारलेले जनावर राज्य सरकारची मालमत्ता ठरते. शिकाऱ्याच्या वाट्याला ना मांस येते, ना शिंगे.